उसने संवाद, आपली गोष्ट
फ्रेंच चित्रपटांतील उपऱ्या तरुणांची पासष्ट वर्षे

फ्रान्स आपल्याला साधारणपणे दोन ठिकाणी भेटतो. पहिला फ्रान्स इतिहासाच्या पाठ्यपुस्तकातला. १७८९ ची राज्यक्रांती, बास्तीलचा पाडाव, स्वातंत्र्य-समता-बंधुता ही त्रयी. हे सारे आपली मुले परीक्षेपुरते पाठ करतात. दुसरा फ्रान्स वर्तमानपत्रातला. शाळेतल्या हिजाबावरची बंदी, उपनगरांतील दंगली, जळालेल्या मोटारींची छायाचित्रे. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा फ्रान्स आहे आणि तो तेथील चित्रपटांत सापडतो. त्यात पॅरिसच्या वेशीबाहेरच्या उंच, उदास इमारतींमध्ये वाढलेली मुले-मुली आहेत. कोणाचे वालिद अल्जीरियातून मजुरीला आलेले, कोणाची आई मालीतून आलेली, तर कोणी पिढ्यान्‌पिढ्या फ्रेंच असूनही गरिबीमुळे त्याच इमारतीत राहणारे.

या तरुणांना जे हवे असते ते जगातल्या कोणत्याही तरुणाला हवे असते. कोणाचे तरी प्रेम, दोन-चार जिवाभावाचे दोस्त आणि आयुष्यात काहीतरी बनण्याची संधी. हे चित्रपट काळाच्या क्रमाने पाहिले की एक गोष्ट ठळकपणे ध्यानात येते. प्रेमाच्या आणि महत्त्वाकांक्षेच्या वाटेवर या मुलांना एकच नाका लागतो आणि तो भाषेचा असतो. कोणत्या भाषेत बोललो तर आपले ऐकून घेतले जाईल? दुसऱ्याचे शब्द पाठ करून की स्वतःचे शब्द वापरून? मैत्री मात्र हा नाका चुकवून पलीकडे जाते. या लेखात याच धाग्याने हा इतिहास पाहायचा आहे.

१. बाल्झाकची चोरी

सुरुवात १९५९ पासून करावी लागते. त्या वर्षी फ्रान्स्वा त्रुफो या सत्तावीस वर्षांच्या दिग्दर्शकाचा 'ले कात्र साँ कू' हा पहिला मोठा चित्रपट आला आणि कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले. त्याचा नायक आंत्वान द्वानेल हा बारा-तेरा वर्षांचा गोरा, फ्रेंच मुलगा आहे. तो परदेशी नाही, तरीही उपरा आहे. घरी आईला तो नको आहे आणि शाळेत गुरुजींना तो वाया गेलेला वाटतो.

या मुलाला बाल्झाकचे वेड लागते. तो त्या थोर कादंबरीकाराच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावतो. निबंध लिहिताना बाल्झाकचे शब्द त्याच्या मनातून कागदावर उतरतात. गुरुजी ती चोरी ठरवून शून्य देतात आणि त्याला वर्गाबाहेर काढतात. मुलाच्या दृष्टीने ती भक्ती असते. पुढे तो सावत्र वडिलांच्या कचेरीतला टंकलेखन यंत्र चोरतो आणि ते परत ठेवायला गेला असता पकडला जातो. वडील त्याला स्वतः पोलिसांच्या हवाली करतात. बालसुधारगृहात एक मानसोपचारतज्ज्ञ बाई त्याला प्रश्न विचारते. बाई पडद्यावर दिसत नाही, फक्त तिचा आवाज येतो, आणि मुलगा आपली सारी कहाणी सरळ सांगून टाकतो. चित्रपटात एवढ्या एकाच वेळी कोणीतरी त्याचे शेवटपर्यंत ऐकून घेते. त्याचा दोस्त रने सायकल हाकत त्याला भेटायला येतो, पण त्याला फाटकातूनच परत पाठवतात. शेवटी आंत्वान तेथून पळतो आणि पळत पळत समुद्रापाशी पोहोचतो. चित्रपट तेथेच थांबतो.

ही कथा बऱ्याच अंशी त्रुफोची स्वतःची होती. लहानपणी तोही घरी नकोसा होता आणि त्यालाही सुधारगृहात टाकण्यात आले होते. आंद्रे बाझाँ या चित्रपट समीक्षकाने त्याला हात दिला, लिहायला लावले. बाझाँ १९५८ मध्ये वारला. चित्रपट त्यालाच अर्पण केलेला आहे. वाया गेलेल्या मुलाला एक माणूस ऐकून घेणारा मिळाला म्हणून फ्रान्सला एक दिग्दर्शक मिळाला, ही घटना शिक्षकांनी विसरू नये अशी आहे.

तथापि एक उणीव नोंदवलीच पाहिजे. आंत्वान ज्या पॅरिसमध्ये भटकत होता त्याच पॅरिसच्या कडेला, नांतेरसारख्या भागात, अल्जीरियन मजूर पत्र्याच्या झोपडपट्ट्यांत राहत होते. १९६२ पर्यंत फ्रान्समधील अल्जीरियन लोकांची संख्या सुमारे साडेतीन लाख झाली होती. अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध १९५४ पासून चालू होते. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी, केवळ अल्जीरियनांवर लादलेल्या संचारबंदीविरुद्ध निघालेल्या मोर्चावर पॅरिसच्या पोलिसांनी हल्ला केला. कित्येकांना ठार केले, काहींना सीन नदीत फेकले. त्यावर जाक पानिजेल याने १९६२ मध्ये तयार केलेल्या माहितीपटावर बंदी आली आणि प्रदर्शनाचा परवाना १९७३ मध्ये मिळाला, तोही रने वोतिए या दिग्दर्शकाने उपोषण केल्यावर. गोदारचा अल्जीरिया युद्धाशी संबंधित चित्रपटही १९६० पासून १९६३ पर्यंत अडकवून ठेवला होता. युद्धाविरुद्धच्या १९६० च्या प्रसिद्ध जाहीरनाम्यावर त्रुफोने सही केली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे. पण पडद्यावर त्या झोपडपट्टीतला मुलगा आला नाही. त्याला आणखी पंचवीस वर्षे थांबावे लागले.

२. आर्किमिडीज आणि अर्शी अहमद

तो मुलगा पडद्यावर आला तो स्वतःच कॅमेऱ्यामागे उभा राहून. मेहदी शारेफ याचा जन्म १९५२ मध्ये अल्जीरियात झाला. दहा-अकरा वर्षांचा असताना तो कुटुंबासह फ्रान्सला आला आणि नांतेरच्या झोपडपट्टीत राहिला. मोठेपणी कित्येक वर्षे तो कारखान्यात अवजारांना धार लावण्याचे काम करीत होता. काम सांभाळून त्याने कादंबरी लिहिली. ती १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. कोस्टा-गाव्रास या नामांकित दिग्दर्शकाने त्याला स्वतःच चित्रपट करण्याचा आग्रह धरला आणि १९८५ मध्ये 'आर्किमिडीजच्या जनानखान्यातला चहा' अशा विचित्र नावाचा चित्रपट तयार झाला. त्याला ज्याँ व्हिगो पारितोषिक मिळाले.

या नावाची गंमत कोणत्याही शिक्षकाच्या काळजाला हात घालील अशी आहे. वर्गात गुरुजी 'आर्किमिडीजचा सिद्धांत' असे फ्रेंचमध्ये लिहायला सांगतात. सिद्धांताला फ्रेंचमध्ये 'तेओरेम' म्हणतात. एक मुलगा फळ्यावर ऐकू आले तसे लिहितो: 'ते ओ हारेम', म्हणजे जनानखान्यातला चहा, आणि आर्किमिडीजचा होतो 'अर्शी अहमद'. वर्ग हसतो. गुरुजींच्या दृष्टीने हे अज्ञान असते. खरे पाहता मुलाचा कान बरोबर असतो. ज्या घरात आर्किमिडीज कोणी ऐकलेला नाही आणि अहमद रोज दारात उभा असतो, त्या घरातल्या मुलाने ध्वनीला आपल्या जगातला अर्थ दिला, इतकेच.

चित्रपटात माजिद आणि पॅट हे दोन दोस्त आहेत. माजिद अल्जीरियन, पॅट फ्रेंच. दोघेही बेकार, दोघेही छोट्या चोऱ्या करणारे. माजिदचे वालिद कामावर छपरावरून पडल्यापासून भान हरपून बसले आहेत आणि माजिद त्यांना हाताला धरून घरी आणतो. आई मलिका घर चालवते, नमाज पढते, मुलावर चिडते. शेजारची फ्रेंच बाई जोझेत नोकरी गेल्याने गॅलरीतून उडी मारायला निघते तेव्हा मलिकाच तिला बोलून बोलून परत फिरवते. तिची फ्रेंच मोडकी आहे, पण त्या रात्री तीच उपयोगी पडते.

शेवटी मुले चोरीच्या मोटारीतून समुद्रावर जातात. पोलीस येतात, सगळे पळतात. माजिद जागचा हलत नाही आणि पकडला जातो. पळून गेलेला पॅट पुढे रस्त्याच्या कडेला उभा राहतो, पोलिसांच्या गाडीला सामोरा जातो आणि आपल्या दोस्ताशेजारी जाऊन बसतो. १९५९ मध्ये सुधारगृहाच्या फाटकातून परत पाठवलेला दोस्त १९८५ मध्ये असा आत शिरला, असे म्हणायला हरकत नाही.

हा चित्रपट एकाकी अवतरला नव्हता. १९८३ च्या उन्हाळ्यात लिओं शहराजवळच्या मँगेत वस्तीतील तुमी जैजा हा तरुण पोलिसांच्या गोळीने जखमी झाला. त्याने आणि ख्रिस्तियन दलोर्म या पाद्र्याने अहिंसक पदयात्रेची कल्पना मांडली. त्यांच्यापुढे गांधीजींचे आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे उदाहरण होते. १५ ऑक्टोबर १९८३ रोजी मार्सेयहून काही मोजके लोक निघाले आणि ३ डिसेंबरला पॅरिसमध्ये पोहोचले तेव्हा सुमारे एक लाख लोक त्यांच्यासोबत होते. राष्ट्राध्यक्ष मितेराँ यांनी त्यांना भेट दिली आणि परदेशी रहिवाशांना दहा वर्षांचा वास्तव्य परवाना देण्याचे मान्य केले. वर्तमानपत्रांनी या पदयात्रेला 'बर' लोकांची पदयात्रा म्हटले. 'बर' हा 'अरब' या शब्दाची अक्षरे उलटसुलट करून झालेला शब्द. फ्रेंच वस्त्यांतील तरुण अशी उलटी भाषा बोलतात, तिला 'व्हेर्लाँ' म्हणतात. ज्यांना सरळ भाषेत जागा मिळाली नाही त्यांनी ती उलटी करून आपलीशी केली.

३. एका अक्षराचा फरक

एप्रिल १९९३ मध्ये पॅरिसच्या अठराव्या विभागातील पोलीस चौकीत झैरहून आलेल्या सतरा वर्षांच्या एका मुलाला चौकशी चालू असताना डोक्यात गोळी लागली आणि तो मेला. या घटनेने अस्वस्थ होऊन मातिय कासोवित्झ याने 'ला एन', म्हणजे 'द्वेष', हा चित्रपट लिहायला घेतला. १९९५ मध्ये तो आला. संपूर्ण कृष्णधवल, दंगलीनंतरच्या एका दिवसाची कथा. कासोवित्झला कानमध्ये दिग्दर्शनाचे पारितोषिक मिळाले, तर तेथे बंदोबस्तावर असलेल्या पोलिसांनी चित्रपटाच्या चमूकडे पाठ फिरवली. पंतप्रधान आलँ ज्युपे यांनी मंत्रिमंडळासाठी त्याचा खास खेळ ठेवला.

यात तीन दोस्त आहेत. व्हिंझ ज्यू, सईद अरब, ह्युबेर कृष्णवर्णीय. ही त्रिकुटाची निवड आपल्या वाचकांनी लक्षात घेण्याजोगी आहे. टीव्हीवर आणि राजकारणात ज्यांना एकमेकांचे हाडवैरी म्हणून उभे केले जाते ते येथे एकाच बाकावर बसून एकच सिगारेट ओढतात. पोलिसांच्या मारहाणीत जखमी झालेला त्यांचा मित्र अब्देल इस्पितळात मृत्यूशी झुंजतो आहे. व्हिंझला दंगलीत एका पोलिसाचे हरवलेले पिस्तूल सापडले आहे. तो आरशासमोर उभा राहून एका अमेरिकन चित्रपटातील नायकाचे संवाद म्हणतो. धाडसी दिसण्यासाठीही त्याच्याजवळ स्वतःचे शब्द नाहीत.

वार्ताहर गाडीतून न उतरता त्यांना प्रश्न विचारतात तेव्हा ह्युबेर त्यांना सुनावतो की हे काही गाडीत बसून जनावरे पाहण्याचे प्राणिसंग्रहालय नव्हे. पॅरिसमधील एका चित्रप्रदर्शनात हे तिघे शिरतात, दोन तरुणींशी बोलू पाहतात. बोलण्याची रीतच ठाऊक नसल्यामुळे काही क्षणांत ओळखीचे भांडण होते आणि त्यांना बाहेर काढले जाते. शेवटची गाडी चुकलेली असते. रात्री सईद एका जाहिरातीच्या फलकावर रंगाच्या फवाऱ्याने एकच अक्षर बदलतो. 'जग तुमचे आहे' या वाक्याचे 'जग आमचे आहे' होते. फ्रेंचमध्ये 'तुमचे' आणि 'आमचे' यांत एवढाच, एका अक्षराचा फरक आहे. चित्रपट ज्या पद्धतीने संपतो त्यावरून ते अक्षर भिंतीवर बदलणे सोपे आणि प्रत्यक्षात बदलणे किती अवघड, हे कळते.

या चित्रपटावर एक आक्षेप रास्त आहे. त्यात मुलींना जवळजवळ स्थान नाही. वस्ती म्हणजे संतापलेले तरुण, असा समज त्याने पक्का केला. तो समज मोडायला एका शाळकरी नाटकाची गरज पडली.

४. मारिवोचे नाटक, अत्तारचे पक्षी

अब्देलातिफ केशिश हा १९६० मध्ये ट्यूनिसला जन्मला आणि सहा वर्षांचा असताना नीस शहरात आला. आधी तो नट होता. त्याचा 'लेस्कीव्ह', म्हणजे 'हुलकावणी', हा चित्रपट जानेवारी २००४ मध्ये फ्रान्समध्ये प्रदर्शित झाला. त्याच दिवसांत शाळेत ठळक धार्मिक चिन्हे वापरण्यास बंदी घालणाऱ्या कायद्याची चर्चा चालू होती. १५ मार्च २००४ रोजी तो कायदा झाला. देश मुलींच्या डोक्यावरील कापडाबद्दल बोलत असताना केशिश त्यांच्या तोंडच्या भाषेबद्दल बोलत होता.

साँ-दनी येथील वस्तीतल्या शाळेत मुले मारिवोचे १७३० मधील एक प्रसिद्ध नाटक बसवीत आहेत. त्या नाटकात मालक नोकराचा वेष घेतो, मालकीण दासीचा वेष घेते आणि नोकर-दासी मालकांचा. तरीही प्रेम जुळते ते मालकाचे मालकिणीशी आणि नोकराचे दासीशीच. शिक्षिका मुलांना समजावून सांगतात की वेष बदलला तरी माणूस आपल्या वर्गातून सुटत नाही; बोलण्यावरून, वागण्यावरून तो ओळखला जातो.

पंधरा वर्षांचा क्रिमो नाटकातील लिदिया या गोऱ्या मुलीच्या प्रेमात पडतो. त्याचे वडील तुरुंगात आहेत. तेथून ते शिडाच्या जहाजांची चित्रे काढून पाठवतात. क्रिमोला मनातले बोलता येत नाही. म्हणून तो रशीद नावाच्या मुलाला वस्तू देऊन त्याच्याकडून विदूषकाची भूमिका मिळवतो. हेतू हा की नाटकातल्या संवादांच्या आडून लिदियाला काही सांगता येईल. पण अठराव्या शतकातली ती नटवी फ्रेंच त्याच्या जिभेवर बसत नाही. तालमीत तो खाली मान घालून पुटपुटतो. शिक्षिका त्याला स्वतःतून बाहेर ये, मजा घे, असे पुन्हा पुन्हा सांगतात आणि अखेर ओरडतात. क्रिमो निघून जातो.

शिक्षिका वाईट नाहीत. उलट फार मेहनती आहेत. लिदियाही गरीबच आहे, पण तिला ते संवाद येतात. त्यांच्यामुळे ती फुलते. म्हणजे अभिजात वाङ्मय वस्तीतल्या मुलांना झेपत नाही, असे केशिश म्हणत नाही. त्याचे म्हणणे असे की एकाच दारातून एक मूल आत जाते आणि दुसरे बाहेर राहते, आणि बाहेर राहिलेल्याकडे पाहायला वर्गात वेळ नसतो. दरम्यान क्रिमोचा दोस्त फती प्रेमाचा निकाल लावण्यासाठी दांडगाई करतो आणि सारा मामला पोलिसांच्या झडतीपर्यंत जातो. मुलांना गाडीवर आडवे दाबून तपासले जाते. या झडतीत मुलीजवळ निघते ते मारिवोचे पुस्तक.

नाट्यप्रयोगाच्या दिवशी शाळेतील लहान मुले आणखी एक कथा सादर करतात आणि ती आपल्या वाचकांना चांगली परिचित आहे. ती शेख फरीदुद्दीन अत्तार यांच्या 'मंतिकुत्तैर'वर आधारलेली आहे. पक्षी आपल्या राजाच्या, सीमुर्गच्या, शोधात सात खोऱ्या ओलांडून जातात. शेवटी तीस पक्षी उरतात आणि त्यांना कळते की सी-मुर्ग, म्हणजे तीस पक्षी, ते स्वतःच आहेत. एका रंगमंचावर केशिशने निशापूरचा अत्तार आणि पॅरिसचा मारिवो शेजारी उभे केले. एक सांगतो, माणूस आपल्या वर्गात कोंडलेला आहे. दुसरा सांगतो, शोधात निघालेल्यांना शेवटी आपले स्वतःचे रूप सापडते. क्रिमो हा सारा सोहळा बाहेर उभा राहून खिडकीच्या काचेतून पाहतो.

'लेस्कीव्ह'ला २००५ मध्ये उत्कृष्ट चित्रपटासह चार सेझार पारितोषिके मिळाली. लिदिया झालेल्या सारा फोरेस्तिएला पदार्पणाचे पारितोषिक मिळाले आणि ती पुढे यशस्वी नटी झाली. क्रिमो झालेल्या उस्मान एल्खराझची वाट वेगळी होती. काम मिळेनासे झाले, रस्त्यावर दिवस काढावे लागले. हे त्याने पुढच्या दशकात आपल्या पुस्तकात स्वतः सांगितले आहे.

५. भिंतींच्या आत

२७ ऑक्टोबर २००५ रोजी क्लिशी-सू-ब्वा येथे पोलिसांना पाहून पळालेली सतरा आणि पंधरा वर्षांची दोन मुले विजेच्या उपकेंद्रात लपली आणि धक्का बसून मेली. त्यानंतर तीन आठवडे देशभर दंगली झाल्या. ८ नोव्हेंबरला सरकारने आणीबाणी जाहीर केली ती १९५५ च्या कायद्याखाली. हा कायदा अल्जीरियाच्या युद्धासाठी केलेला होता. आजोबांसाठी बनवलेला कायदा नातवांना लागू झाला. २०१५ मध्ये त्या प्रकरणातील दोन्ही पोलीस निर्दोष सुटले.

दंगलीनंतर शाळेकडे सर्वांचे लक्ष गेले. फ्रान्स्वा बेगोदो या शिक्षकाने आपल्या वर्गावर पुस्तक लिहिले होते. लोराँ कांते याने त्यावर 'आंत्र ले म्यूर', म्हणजे 'भिंतींच्या आत', हा चित्रपट केला. बेगोदोनेच शिक्षकाचे काम केले. मुले पॅरिसच्या विसाव्या विभागातील एका खऱ्या शाळेतली होती. २००८ मध्ये त्याला कानचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. एकवीस वर्षांनंतर एका फ्रेंच चित्रपटाला तो मान मिळाला होता.

सबंध चित्रपट भाषेच्या तासांवर उभा आहे. गुरुजी वाक्यासाठी उदाहरण देताना 'बिल' हे नाव घेतात. मुली विचारतात, दर वेळी असलीच नावे का? ऐसाता, रशीद, अहमद का नाही? उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रश्न अनोळखी नाही. आमच्या वर्गातले मूल घरी दखनी किंवा कोकणी बोलते, पुस्तकात उर्दू वाचते, तहसील कचेरीत मराठी ऐकते आणि नोकरीसाठी इंग्रजीच्या मागे धावते. एका जिभेवर चार जबाबदाऱ्या. त्यातले कोणते बोलणे 'शुद्ध' हे मूल सोडून बाकी सगळे ठरवतात.

वर्गात सुलेमान नावाचा मालीचा मुलगा आहे. तो लिहीत नाही. स्वतःविषयी लिहा म्हटल्यावर तो आईची छायाचित्रे आणतो. गुरुजी ती भिंतीवर लावतात. त्याच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू येते. पण पुढे रागाच्या भरात गुरुजींच्याच तोंडून दोन मुलींसाठी एक हलका शब्द निघतो, त्यावरून वाद पेटतो आणि त्या गडबडीत सुलेमानचे दप्तर लागून एक मुलगी जखमी होते. शिस्त समिती बसते. सुलेमानच्या आईला फ्रेंच येत नाही. ती मुलाची बाजू मांडते आणि मुलगाच तिच्या वाक्यांचा तर्जुमा करतो. ज्याचा निकाल लागायचा आहे तोच दुभाष्या! त्याला शाळेतून काढले जाते. चुकीचा शब्द गुरुजींनी वापरला, शिक्षा मुलाला झाली. वर्ष संपताना एक मुलगी हळूच येऊन सांगते की वर्षभरात आपण काहीच शिकलो नाही. गुरुजींजवळ उत्तर नसते.

६. तुरुंगातली शाळा, आईच्या वह्या

शाळेने सोडलेला मुलगा कोठे शिकतो याचे भयंकर उत्तर जाक ओदियारच्या 'अँ प्रोफेत' (२००९) या चित्रपटात आहे. एकोणीस वर्षांचा मालिक निरक्षर म्हणून तुरुंगात येतो. कॉर्सिकन टोळीवाले त्याला एका कैद्याचा खून करायला भाग पाडतात. तो कैदी मरण्यापूर्वी त्याला सल्ला देतो की येथे आहेस तोवर वाचायला शीक. मालिक खून करतो आणि सल्लाही पाळतो. रियाद हा दोस्त त्याला अक्षरे शिकवतो. कॉर्सिकन भाषा तो नुसती ऐकून आत्मसात करतो आणि आपल्या धन्यांची गुपिते जाणतो. फ्रेंच, अरबी आणि कॉर्सिकन या तिन्ही भाषा येणारा एकटाच माणूस शेवटी तेथला मालक होतो. बुद्धी होती, चिकाटी होती, भाषांचे वरदान होते. सगळे गुन्हेगारीच्या कामी आले. ताहर रहीमच्या अभिनयासह या चित्रपटाला नऊ सेझार मिळाले. एवढी गुणवत्ता तुरुंगाबाहेर कोणाच्या नजरेस का पडली नाही, हा प्रश्न पारितोषिकांनी सुटत नाही.

मुलींच्या वाट्याला उशिरा का होईना, पडदा आला. सेलीन सियामाच्या 'बांद द फी' (२०१४) मधल्या मरियेमला पुढे नेहमीच्या शाखेत शिकायचे आहे. समुपदेशक बाई तिला धंदेशिक्षणाकडे ढकलतात. बाईंचा चेहरा दिसतच नाही, फक्त आवाज येतो. आंत्वानला प्रश्न विचारणाऱ्या बाईंचाही फक्त आवाजच होता, पण तो आवाज ऐकून घेत होता.

फिलिप फोकाँचा 'फातिमा' (२०१५) हा चित्रपट मात्र आपल्या घराघरांत दाखवावा असा आहे. तो फातिमा एलायुबी या बाईंच्या लिखाणावर आधारलेला आहे. फातिमा लोकांची घरे झाडते. थोरली मुलगी नसरीन वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षाला आहे, धाकटी सुआद आईला फ्रेंच येत नाही म्हणून तिचा पाणउतारा करते. जिन्यावरून पडून दुखापत झाल्यावर फातिमा रात्री वहीत अरबीतून लिहू लागते, जे मुलींना फ्रेंचमध्ये सांगता येत नाही ते. शेवटी नसरीन पास होते आणि फातिमा एकटीच पुन्हा जाऊन निकालाच्या यादीत मुलीचे नाव डोळे भरून पाहते. बडेजाव नसलेल्या या चित्रपटाला २०१६ मध्ये उत्कृष्ट चित्रपटाचे सेझार मिळाले.

७. कॅमेरा कोणाच्या हाती

व्हिक्टर ह्यूगोने 'ले मिझेराब्ल' या १८६२ च्या कादंबरीतील अनाथ कोझेतला मोंफेर्मेय गावात राबताना दाखवले. त्याच मोंफेर्मेयमध्ये मालीहून आलेल्या कुटुंबातला लाज ली वाढला. आपल्या वस्तीत पोलीस काय करतात ते तो वर्षानुवर्षे कॅमेऱ्यात टिपत होता. २०१९ मध्ये त्याने ह्यूगोचेच नाव घेऊन चित्रपट केला. त्यातही एक मुलगा ड्रोनने वस्तीचे चित्रण करतो आणि पोलिसांचा अत्याचार त्यात सापडतो. ते काम लाजच्या मुलानेच केले आहे. कानमध्ये त्याला परीक्षक मंडळाचे पारितोषिक विभागून मिळाले, २०२० मध्ये उत्कृष्ट चित्रपटाचे सेझार मिळाले. त्याआधीच, २०१८ मध्ये, लाजने आपल्या भागातील तरुणांसाठी विनाशुल्क चित्रपट शाळा काढली; प्रवेशासाठी पदवीची अट नाही. तिचे नाव 'कुरत्राजमे'. हाही उलट्या भाषेतला शब्द, अर्थ 'लघुपट'.

परिस्थिती बदलली असे मात्र नव्हे. २७ जून २०२३ रोजी नांतेर येथे वाहन तपासणीच्या वेळी पोलिसाने सतरा वर्षांच्या मुलाला गोळी घातली आणि पुन्हा दंगली पेटल्या. शारेफची झोपडपट्टी ज्या नांतेरात होती तेच हे गाव.

२०२४ मध्ये बोरिस लोज्किनचा 'सुलेमानची गोष्ट' हा चित्रपट आला. गिनीचा सुलेमान पॅरिसमध्ये सायकलवरून जेवणाचे डबे पोहोचवतो, तेही दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन. दोन दिवसांनी आश्रयासाठी त्याची मुलाखत आहे. एका दलालाने पैसे घेऊन त्याला राजकीय कैद्याची बनावट कहाणी पाठ करायला दिली आहे. सायकल मारताना तो तारखा घोकत राहतो. गावाकडची प्रेयसी फोनवर सांगते की तिला चांगले स्थळ आले आहे; तो तिला लग्न कर म्हणतो. मुलाखतीत उसनी कहाणी अडखळते. समोरच्या अधिकारी बाई म्हणतात की ही गोष्ट त्यांनी पूर्वीही ऐकली आहे. मग सुलेमान थांबतो आणि खरे ते सांगू लागतो. आईचे आजारपण, घर सोडणे, लिबियातले हाल.

त्याचे काम करणारा अबू सांगारे स्वतः गिनीहून अल्पवयीन असताना आलेला आणि मोटारदुरुस्ती शिकलेला तरुण. कानमध्ये उत्कृष्ट अभिनेत्याचे पारितोषिक मिळाले तेव्हाही त्याच्याजवळ कागदपत्रे नव्हती. परवान्याचा अर्ज वारंवार फेटाळल्यावर जानेवारी २०२५ मध्ये त्याला एक वर्षाचा परवाना मिळाला.

१९५९ चा आंत्वान आणि २०२४ चा सुलेमान, दोघेही एका टेबलासमोर बसून एका बाईंना आपली गोष्ट सांगतात. मधल्या पासष्ट वर्षांत बाल्झाक, आर्किमिडीज, मारिवो असे कितीतरी उसने संवाद येऊन गेले. ते शिकवूच नयेत, असा निष्कर्ष कोणी काढू नये. दुसऱ्याचे उत्तम शब्द मुलांच्या ओठी देणे हे शाळेचे कामच आहे. लिदियाला त्यांनी पंख दिले. पण त्याच वर्गात आर्किमिडीजला अर्शी अहमद ऐकणारा एक मुलगा बसलेला असतो आणि पाठांतर न जमलेला एक क्रिमो खिडकीबाहेर उभा असतो. त्याला बोलावून, त्याच्या जिभेवर असेल त्या भाषेत, तुझे काय ते सांग असे म्हणणारा एखादा बाझाँ प्रत्येक शाळेत असायला हवा. ते काम फ्रान्सचे जितके आहे तितकेच आपलेही आहे.